संशोधक व्हायचे आहे? मग प्रोग्रामिंगही शिका

परभणीत एका रविवारी बारावीच्या आणि पदवीच्या मुलामुलींशी बोलायला गेलो होतो. पुढे काय करायचे आहे, हा नेहमीचाच प्रश्न मी विचारला. उत्तरेही नेहमीचीच आली. नीट, डी. फार्मसी, पोलीस भरती, बी. एड. आणि दोन-तीन जणांचे 'आयटी'. शेवटच्या बाकावर बसलेल्या जिंतूरच्या एका मुलीने मात्र मलाच प्रश्न केला. ती बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. "सर, मला बॉटनी आवडते आणि कम्प्युटरही आवडतो. घरचे म्हणतात, दोन्हीतलं एक काहीतरी नक्की कर. तुम्ही काय केलं होतं?"

मी दोन्ही केले होते. पाऊस आणि पीक यांच्या नात्यावर मी संशोधन करतो आणि त्या कामातला निम्मा वेळ प्रोग्राम लिहिण्यात जातो. पण हे दोन्ही एकत्र करता येते, त्यातून पोट भरते आणि त्याला मान आहे, हे मला त्या मुलीच्या वयात कोणीही सांगितले नव्हते. म्हणून या वेळचे संपादकीय तिच्या प्रश्नाला दिलेले जरा लांबलचक उत्तर आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. पीएच. डी.च्या पहिल्या वर्षी मराठवाड्यातल्या जिल्ह्यांची पिकांखालच्या क्षेत्राची जुनी आकडेवारी एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. सगळ्या फायली त्याने वाचल्या, वर्षे जुळवली, आलेख काढला. परभणीची रेषा नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदम खाली कोसळलेली दिसली. मला वाटले, मोठा शोध लागला! पाऊस कमी पडला असेल, भाव पडले असतील, लोकांनी जमिनी पडीक ठेवल्या असतील, अशी कारणे देत मी दोन पानेही लिहून काढली.

ईदला घरी आलो तेव्हा लॅपटॉपवर तो आलेख अब्बांना दाखवला. अब्बांनी उभा जन्म मोंढ्यात आडतीवर मुनीम म्हणून काढलेला. चष्मा वर करून त्यांनी साल पाहिले आणि म्हणाले, "अरे, उस साल तो हिंगोली अलग हुई ना!"

१ मे १९९९. त्या दिवशी परभणी जिल्ह्यातून हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे तालुके निघून नवा हिंगोली जिल्हा झाला. कोणी पेरणी कमी केली नव्हती. जिल्ह्याची हद्दच बदलली होती. माझ्या प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती, तो सांगितल्याप्रमाणे बिनबोभाट चालला होता. चूक माझ्या समजुतीत होती.

त्या दिवशी मला माझ्या पेशाचा अर्थ कळला. नुसता प्रोग्रामर त्या फायली जोडून मोकळा झाला असता. नुसत्या कृषितज्ज्ञाला इतक्या वर्षांच्या फायली हाताने जोडायला महिने लागले असते. काम पुरे व्हायला दोघे लागतात, आणि ते दोघे एकाच माणसात असतील तर फारच बरे. शिवाय तिसरीही एक गोष्ट लागते, ती म्हणजे आपल्या मातीची माहिती. ती परभणीच्या पोराकडे असते, बंगळुरूच्या कार्यालयात बसलेल्याकडे सहसा नसते.

आता कोणी म्हणेल, ही नव्या जमान्याची फॅशन आहे. तसे नाही. विज्ञान आणि हिशेब यांची सोयरीक जुनी आहे आणि ती शेतातच जुळली. इंग्लंडमधल्या रोदमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर खतांचा प्रयोग चालू होता. नोंदींचे ढीग साठले होते, पण त्यांतून अर्थ कोणी काढायचा? १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती तिथे कामाला आला. त्या ढिगांवर काम करता करता त्याने प्रयोगांची आखणी आणि विचरणाचे विश्लेषण या पद्धती घडवल्या. आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा त्या वापरतात.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. पीक विम्यामुळे 'पीक कापणी प्रयोग' हा शब्द परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. मंडळातली काही शेते चिठ्ठी टाकावी तशी निवडायची, ठरावीक आकाराचा तुकडा कापायचा, मळणी करून वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या मंडळाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. या नमुना पद्धतीला आपल्या देशात शास्त्रीय पाया घालणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठे नाव आहे. ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी मिळून लिहिलेले शेतीसाठीच्या सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. विम्याचे पैसे मिळणार की नाही, हे आजही त्या हिशेबावर ठरते. तेव्हा 'संशोधकाच्या प्रोग्रामिंगशी आमच्या गावाचा काय संबंध?' असे कोणी विचारले तर त्याला विम्याची पावती दाखवा.

आपल्या शहरातलेच कृषी विद्यापीठ पाहा. १९७२ मध्ये ते मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झाले, आज त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. भेंडीची 'परभणी क्रांती' इथलीच. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी इक्रिसॅटच्या सहकार्याने इथूनच २०१८ मध्ये आली. एका ज्वारीत दुसरीपेक्षा लोह जास्त आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत, पुन्हा पुन्हा लावून, मोजून, फरक खरा की योगायोगाचा, हे हिशेबाने सिद्ध करावे लागते. हा हिशेब पूर्वी कागदावर व्हायचा, आता 'आर' किंवा पायथनमध्ये होतो. शेतीत यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित गाड्या वापरण्याचा मोठा प्रकल्पही याच विद्यापीठात झाला. ड्रोन उडवणे दोन आठवड्यांत शिकता येते. त्याने काढलेल्या हजारो फोटोंमधून रोग पडलेले पान ओळखणारा प्रोग्राम लिहिणे, हे संशोधकाचे काम आहे.

आणि औंढा! नागनाथाच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे, १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेले औंढा. तिथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा एकमेकींना काटकोनात असतील. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो पकडायचा असतो. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर पकडली. तो संकेत सेकंदाच्या पाचव्या भागाइतका होता आणि तो गोंगाटात बुडालेला होता. मग शास्त्रज्ञांनी त्याची खात्री कशी केली? संगणकावर आधीच तयार केलेल्या सुमारे अडीच लाख नमुन्यांशी तो ताडून पाहिला गेला. ही ताडून पाहण्याची पद्धत उभी करण्यात तेव्हा पुण्याच्या आयुकात असलेले प्रा. संजीव धुरंधर आणि प्रा. बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ पासूनचा वाटा आहे.

माझ्या मते आपल्या मुलांसाठी सर्वांत मोठी बातमी पुढेच आहे. त्या पहिल्या लहरीचा डेटा आणि तो तपासणारे पायथनचे प्रोग्राम इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुले आहेत. पालमच्या किंवा सोनपेठच्या मुलाने साध्या लॅपटॉपवर ते उघडले तर दोन कृष्णविवरांची टक्कर त्याच्या पडद्यावर उमटते. दार उघडे आहे. आत जायला नेमके काय लागते, तेवढे सांगायचे राहिले आहे.

पहिली गोष्ट, एक भाषा नीट शिकणे. पायथन घ्या किंवा 'आर' घ्या. 'आर' तर न्यूझीलंडमधल्या दोन संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी सुरू केली होती. दोन्ही फुकट आहेत. पाच भाषांची तोंडओळख असण्यापेक्षा एका भाषेत स्वतःचे काम पूर्ण करता येणे महत्त्वाचे. आपल्याकडे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळाले की 'कम्प्युटर झाला' असे म्हणतात. तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो आणि ते कामाचेच आहे, पण संगणकाला नवे काम सांगायला शिकणे हा पुढचा टप्पा आहे.

दुसरी गोष्ट, संख्याशास्त्र. हे टाळून कोणालाच पुढे जाता येत नाही. सरासरी काढणे सगळ्यांना येते. त्या सरासरीवर किती विश्वास ठेवायचा, हे सांगता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट, डेटाची निगा. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक ज्याला कळतो तो अर्धी लढाई जिंकला. पर्जन्यमापकावर चार दिवस कोणी नोंदच केली नाही आणि प्रोग्रामने तिथे शून्य धरले, तर कागदावर दुष्काळ पडतो! एक्सेलने तर जनुकशास्त्रज्ञांना जेरीस आणले. 'मार्च १', 'सेप्ट २' अशा धाटणीची जनुकांची नावे ते आपोआप तारखांमध्ये बदलून टाकायचे. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली.

चौथी गोष्ट, तपासता येईल असे काम. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे 'गिट' शिका. प्रत्येक भागाची चाचणी लिहा. सहा महिन्यांनी तुम्हालाच वाचता येईल असा प्रोग्राम लिहा. याचे मोल सांगणारा एक प्रसंग आहे. २०१० मध्ये दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा निबंध आला आणि अनेक देशांतल्या राजकारण्यांनी खर्चकपातीसाठी त्याचा हवाला दिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रात आल्याच नव्हत्या. इतरही काही आक्षेप त्याने घेतले. विद्यार्थ्याने प्राध्यापकांची चूक दाखवली ती मोठ्या आवाजाच्या बळावर नव्हे. फाइल उघडून, ओळी मोजून दाखवली.

पाचवी गोष्ट, लिहिणे आणि सांगणे. निबंध इंग्रजीत लिहावे लागतात, त्याला इलाज नाही. पण जे शोधले ते मराठीत शेतकऱ्याला आणि उर्दूत अम्मीला सांगता येत नसेल, तर ते आपल्याला तरी पुरते कळले आहे का, हे तपासून पाहावे. आपल्यापैकी बहुतेक जण घरात एक, शाळेत दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा वागवत मोठे झालो आहोत. हे ओझे आहे असे आपल्याला सांगितले गेले. मला तर ती सवय कामालाच आली. पायथन ही माझी चौथी-पाचवी भाषा, एवढेच.

आता पैशाचे आणि नोकरीचे बोलू, कारण घरचे तेच विचारणार, आणि त्यांनी का विचारू नये? सुरुवातीला या वाटेवर सॉफ्टवेअर कंपनीइतका पगार नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. प्रकल्पांवरच्या जागा बहुधा मुदतीच्या असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज करा. प्रोग्राम लिहिण्याचे श्रेयही लवकर मिळत नाही, कारण बढतीच्या वेळी मोजले जातात ते निबंध. जगभरातल्या अशा लोकांनी हे दुखणे ओळखले आणि २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका बैठकीत या पेशाला 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' असे नाव दिले. नाव मिळाले की पद मागता येते. आता संशोधनाच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळे नियतकालिकही निघते आणि तुमच्या प्रोग्रामला निबंधासारखाच कायमचा क्रमांक घेता येतो.

जमेची बाजूही आहे. पुण्यातच आयुका, आयसर, सी-डॅक आणि हवामानाचा अभ्यास करणारी आयआयटीएम आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर आपलेच. शिवाय हे कौशल्य एका खुंटीला बांधलेले नाही. संशोधनात जागा मिळाली नाही तर बियाणे कंपनी, औषधनिर्मिती, बँक, विमा, आरोग्य विभाग, असे कोणीही डेटा समजणारा माणूस शोधतच असते. नुसती पदवी घेऊन घरी बसण्याची वेळ या वाटेवर कमी येते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या समाजापुरते दोन शब्द बोललेच पाहिजेत. अल्पसंख्याक समाजातल्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. हा निर्णय चुकीचा होता असे मी मानतो, आणि ती परत सुरू व्हावी ही मागणी आपण सनदशीर मार्गाने करत राहू. पण मागणी मान्य होईपर्यंत आपल्या मुलींनी थांबायचे का? नेट आहे, गेट आहे, संस्थांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा आहेत. लढायचेही आहे आणि अभ्यासही करायचा आहे. एकासाठी दुसरे सोडले तर आपलेच नुकसान.

दुसरे म्हणजे, आपल्या सभांमध्ये अल ख्वारिज्मीचे नाव फार अभिमानाने घेतले जाते. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारा हा गणिती. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला आणि 'अल्जेब्रा' त्याच्या ग्रंथावरून. अभिमान जरूर असावा. पण ख्वारिज्मीने स्वतः काय केले? हिंदुस्थानातून आलेली अंकपद्धती त्याने शिकून घेतली, आपल्या भाषेत मांडली आणि वारसावाटप, जमीन मोजणी, व्यापार अशा रोजच्या अडचणी सोडवायला गणित वापरले. दुसऱ्यांकडून शिकायला त्याला कमीपणा वाटला नाही. त्याचे नाव घेणाऱ्यांनी निदान एक अल्गोरिदम स्वतःच्या हाताने लिहून पाहायला हरकत नसावी!

मग ध्येय काय ठेवावे? मुलाखतीत हमखास विचारतात, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मुले पदाचे नाव सांगतात. मी सुचवीन की प्रश्नाचे नाव सांगा. 'मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे' हे ध्येय अर्धवट आहे. 'गोदाकाठच्या सोयाबीनवर कोणत्या आठवड्यातल्या पावसाच्या खंडाचा सर्वांत जास्त परिणाम होतो, हे मला शोधायचे आहे' हे ध्येय पूर्ण आहे, कारण त्यावरून काय शिकायचे, कोणाकडे जायचे आणि कोणता डेटा मागायचा, हे आपोआप ठरत जाते. पद मिळेल किंवा मिळणार नाही, ते पुष्कळदा आपल्या हातात नसते. प्रश्न आपल्या मालकीचा असतो. आणि आपला प्रोग्राम आपण खुला ठेवला, तर उद्या पाथरीचा एखादा मुलगा तो जिथे आपण सोडला तिथून पुढे नेईल.

सुरुवात या महिन्यातच करता येईल. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये रोज एक तास बसा, किंवा चौघे मिळून एक जुना घ्या. आपल्या तालुक्याचा दहा वर्षांचा रोजचा पाऊस मिळवा. त्याचा आलेख काढणारा प्रोग्राम लिहा. मग तो आलेख घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा आणि विचारा, हे बरोबर आहे का? ते जिथे नाही म्हणतील, तिथून तुमचे संशोधन सुरू होईल.

जिंतूरच्या त्या मुलीला मी त्या दिवशी वेळेअभावी एवढेच म्हणालो होतो, "बेटा, दोन्ही कर." तिने लगेच विचारले, "घरच्यांना काय सांगू?" तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. आता सुचते आहे. त्यांना सांग, बॉटनी सोडलीस तर कम्प्युटरला विचारायला प्रश्न उरणार नाही, आणि कम्प्युटर सोडलास तर बॉटनीच्या प्रश्नांची उत्तरे दुसऱ्याकडे मागावी लागतील. तरीही ते ऐकत नसतील, तर एकदा मला घरी बोलाव. मी येईन आणि अब्बांनाही सोबत आणीन. हिंगोलीची गोष्ट तेच जास्त चांगली सांगतात.